अनशापोटी टेकडीवर जाण्याआधी बीसीएए घ्यायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, वजन ८२ किलो, काम बैठे. पोट कमी करायचे म्हणून दोन महिन्यांपासून रोज पहाटे साडेपाचला अनशापोटी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पाऊण तास भरभर चालणे आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी जिम. तिथल्या ट्रेनरने सांगितले की रिकाम्या पोटी कार्डिओ केला तर चरबीबरोबर मसलही जातो, म्हणून घरातून निघताना १० ग्रॅम बीसीएए, म्हणजे प्रथिनांतल्या तीन घटकांची पावडर, पाण्यातून घ्या. महिनाभराचा डबा १,८०० रुपयांचा. घ्यावा का? घेतला तर उपास मोडतो का, चरबी जळायची थांबते का?

तुमच्या बाबतीत त्या डब्याची गरज नाही. पण नुसते ‘नको’ म्हणून सोडून देत नाही, कारण ट्रेनरने दाखवलेली भीती पूर्ण खोटी नाही. स्नायू जाऊ शकतात. फक्त ते पहाटेच्या त्या पाऊण तासात जात नाहीत. ते जातात उरलेल्या तेवीस तासांत, ताटातून. मी १८ वर्षे खेळाडूंचा आणि वजन कमी करणाऱ्यांचा आहार बघतो आहे. सुरुवातीची काही वर्षे मी स्वतःही कार्डिओआधी बीसीएए लिहून देत असे. आता देत नाही. का, ते सांगतो.

रात्री नऊला जेवून पहाटे पाचला उठलात की शरीरात काय झालेले असते ते आधी बघू. यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, पोटभर जेवणानंतर साधारण ८० ते १०० ग्रॅम असते. रात्रभर मेंदू त्यावर चालतो, त्यामुळे सकाळपर्यंत ती बरीच उतरलेली असते. स्नायूंमध्ये मात्र त्याच्या तीन-चारपट ग्लायकोजेन असते आणि झोपेत त्याला फारसा हात लागत नाही. इन्सुलिन खाली असते, रक्तात चरबीची आम्ले वाढलेली असतात. म्हणजे पाय टेकडीवर निघतात तेव्हा इंधन भरपूर असते, त्यात चरबीचा वाटा नेहमीपेक्षा थोडा जास्त असतो एवढेच. ‘पोट रिकामे, म्हणून शरीर मसल खायला लागते’ हे चित्र तिथेच कोलमडते.

आता हिशेब करू. ८२ किलोचा माणूस चढ-उताराच्या वाटेवर पाऊण तास भरभर चालला तर साधारण ३०० कॅलरी खर्च होतात. अशा मध्यम जोराच्या व्यायामात अमिनो आम्लांतून, म्हणजे प्रथिनांच्या घटकांतून, येणारी ऊर्जा साधारण ३ ते ५ टक्के असते. म्हणजे ९ ते १५ कॅलरी. ग्रॅममध्ये मोजले तर दोन ते चार ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. याउलट आपल्या शरीरात एरवीही, काही न करता, दिवसाला अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिने मोडतात आणि पुन्हा बांधली जातात. ही उलाढाल रात्रंदिवस चालू असते. त्या उलाढालीत पहाटेचे तीन ग्रॅम म्हणजे काहीच नाही, आणि ते तीन ग्रॅमही सगळे दंडा-मांड्यांतून येत नाहीत. रक्तात आणि पेशींत मोकळी फिरणारी अमिनो आम्ले असतात, आतड्याचा वाटा असतो.

व्यायाम दीड-दोन तासांवर गेला आणि ग्लायकोजेन संपत आले की हा वाटा वाढतो, १० टक्क्यांच्या आसपासही जातो. मॅरेथॉनच्या लांब पल्ल्याच्या रविवारी किंवा सिंहगडाच्या दोन फेऱ्या मारताना हा मुद्दा येतो. तळजाईच्या पाऊण तासात येत नाही.

आता त्या डब्यात असते काय ते बघा. प्रथिने २० अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. या नवांपैकी ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन म्हणजे बीसीएए. डब्यावर २:१:१ लिहिलेले असते ते या तिघांचे प्रमाण, ल्युसीन दुप्पट. कधी फ्लेवर नसलेले बीसीएए शेकरमध्ये टाकून पाहा. पावडर खाली बसत नाही, पाण्यावर पिठीसारखी तरंगते, हलवली की फेस धरते आणि जिभेला कडू लागते. ल्युसीन पाण्यात सहज मिसळत नाही, त्याचा हा परिणाम. बाजारातले डबे गोड आणि रंगीत असतात ते हा कडवटपणा झाकण्यासाठी.

ल्युसीनचे काम महत्त्वाचे आहे. स्नायू बांधायला सुरुवात करा, अशी हाक तेच देते. बांधकामावरच्या मुकादमासारखे. पण मुकादमाने कितीही हाका मारल्या तरी विटा, वाळू, सिमेंट आल्याशिवाय भिंत चढत नाही. उरलेली सहा आवश्यक अमिनो आम्ले तिथे नसतील तर शरीर ती आणणार कुठून? अनशापोटी असताना एकच जागा उरते, जुनी प्रथिने मोडणे. म्हणजे ज्या स्नायूंना वाचवायला पावडर घेतली त्यांच्यातूनच बाकीचा माल काढावा लागतो. रॉबर्ट वूल्फ या संशोधकाने २०१७ साली हाच मुद्दा सविस्तर मांडला आणि नुसत्या बीसीएएने स्नायू वाढतात या समजाला हरकत घेतली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासात वजनांचा व्यायाम झाल्यावर ५.६ ग्रॅम बीसीएए दिले, तेव्हा स्नायूबांधणीचा वेग नुसत्या गोड पाण्याच्या तुलनेत २२ टक्क्यांनी वाढला. म्हणजे परिणाम शून्य नाही. पण तेवढेच बीसीएए ज्यात नैसर्गिकपणे असतात अशा व्हे (दुधाच्या निवळीतून काढलेल्या) प्रथिनातून मिळणारी वाढ याहून बरीच जास्त असते, कारण त्यात विटाही असतात. एका स्कूप व्हेमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात, त्यांत अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसीन असतेच. मग वेगळे ल्युसीन कशाला विकत घ्यायचे? अंडी, दूध, दही, पनीर, मासे, चिकन, सोयाबीन यांतही नऊच्या नऊ असतात. वरण-भातातही असतात. डाळीत मेथिओनीन कमी, भातात लायसीन कमी, एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रश्न दर्जाचा कमी आणि प्रमाणाचा जास्त असतो.

आणि इथेच खरा मुद्दा आहे. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी तीन दिवसांचे खाणे जसेच्या तसे लिहून आणायला सांगतो. तुमच्याच वयाच्या, तुमच्याच वजनाच्या एका गृहस्थांची वही माझ्या डोळ्यासमोर आहे. सकाळी पहिली ओळ ठळक अक्षरात: ‘५.१५ – बीसीएए १ स्कूप’. त्याखाली चहा आणि चार बिस्किटे. नाश्त्याला पोहे. दुपारी डब्यात तीन पोळ्या, फ्लॉवर-बटाटा, वाटीभर वरण. संध्याकाळी चहा आणि भेळ. रात्री दोन पोळ्या, थोडा भात, आमटी, वाटीभर दही. आम्ही समोरासमोर बसून बेरीज केली. पोहे पाच-सहा ग्रॅम, पाच पोळ्या पंधरा, वरण आणि आमटी मिळून दहा, दही चार, दोन्ही चहांचे दूध चार, भात चार, भेळ-भाजी-बिस्किटे मिळून आठेक. पन्नासच्या आसपास.

हे खाणे वाईट आहे असे मुळीच नाही, हेच आपल्या बहुतेक घरांतले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. पण जो मुद्दाम कमी जेवून वजन उतरवतो आहे आणि जिममध्ये वजने उचलतो आहे, त्याला किलोमागे १.४ ते २ ग्रॅम हवीत. तुमचे ध्येय ७२ किलो धरले आणि १.६ ने गुणले तरी ११५ ग्रॅम होतात. त्या गृहस्थांना रोज ६० ते ६५ ग्रॅमची तूट होती, आणि तिथे ते १० ग्रॅम बीसीएए टाकत होते. वजन उतरत होते, पण दंड बारीक होत होते आणि पोट तसेच होते. त्यांनीही दोष अनशापोटी चालण्यालाच दिला होता.

तुम्हीही ही वही आधी भरा, ही माझी कळकळीची विनंती. तीनच दिवस. एकही घास न लपवता.

कोल्हापूरच्या तालमीत पैलवान पहाटे अंधारात उठून अनशापोटीच जोर-बैठका काढतात, लढतींची मेहनत करतात. कार्डिओ म्हणून हिणवावे असा तो व्यायाम नाही, घामाने लाल माती अंगाला चिकटते. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे दंड-मांड्या विरघळल्या नाहीत, कारण मेहनत संपली की खुराक असतो. बदाम वाटून केलेली थंडाई, दूध, अंडी, मटण. तालमीत वस्ताद मेहनतीच्या आधी काय घेतलेस यापेक्षा खुराक चालू आहे ना, हे आधी विचारतो. तोच प्रश्न योग्य आहे.

आता ‘उपास मोडतो का’. काटेकोर अर्थाने मोडतो. अमिनो आम्ले म्हणजे अन्नच, १० ग्रॅमच्या साधारण ४० कॅलरी होतात. ल्युसीनने इन्सुलिनही थोडे वर येते. पण म्हणून चरबी जळायची थांबते असे नाही, ही काळजी सोडून द्या. आणि याच्या पुढची गोष्ट अनेकांना पटायला वेळ लागतो: अनशापोटी चालल्याने त्या वेळी चरबी थोडी जास्त वापरली जाते हे खरे असले तरी दिवसाअखेर हिशेब जवळपास तोच राहतो. सकाळी चरबी जास्त वापरली तर पुढच्या तासांत शरीर कर्बोदके जास्त वापरते. ब्रॅड शोनफेल्ड या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली २० तरुण स्त्रियांवर हे तपासून पाहिले. सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार, आठवड्यातून तीन दिवस तासभर कार्डिओ, चार आठवडे. अर्ध्या जणींनी शेक व्यायामाआधी घेतला, अर्ध्या जणींनी नंतर. दोन्ही गटांचे वजन आणि चरबी कमी झाली, गटागटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचा होता, हे मान्य. पण इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या लोकांमध्येही मी हेच पाहिले आहे. पहाटे पोट हलके असताना चालायला बरे वाटते, ऑफिसच्या आधी वेळ मिळतो, म्हणून अनशापोटी चाला. चरबी जास्त जळते म्हणून स्वतःवर जबरदस्ती करू नका. एखाद्याला अर्धे केळे खाल्ल्याशिवाय निघवत नसेल तर त्याने ते खुशाल खावे.

मग कार्डिओआधी अमिनो आम्ले कोणालाच नकोत का? काही जणांना मी देतो. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत असलेला मुलगा, ज्याच्या अंगावर चरबी उरलेलीच नाही, जो दिवसातून दोनदा कार्डिओ करतो आणि खूप कमी खातो. वजनगटात बसण्यासाठी उतरणारा पैलवान. किंवा पहाटे अनशापोटी वजनेच उचलणारी व्यक्ती, जिचे रात्रीचे जेवण सातला आटोपते आणि नाश्ता दहापर्यंत होत नाही. अशांना मी अर्धा ते एक स्कूप व्हे सांगतो. सकाळी व्हे पोटात जड होत असेल तर ईएए, म्हणजे नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्ले असलेली पावडर, ८ ते १० ग्रॅम, निघण्याआधी २०-३० मिनिटे. बीसीएए नाही. शेल्फवर दोन्ही डबे शेजारी असतात आणि नावे सारखी दिसतात, म्हणून मागची यादी वाचून नऊ नावे मोजा.

चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपास करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. दिवसभर खिचडी आणि वेफर्स खाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा अनशापोटी टेकडी चढलात, असे नऊ दिवस केले, तर स्नायूंची तूट खरीच पडते. तिथे दूध, दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा यांच्याकडे वळा. ज्यांच्या उपासाला चालते त्यांनी साधे व्हे दुधातून घेतले तरी भागते.

आता सर्वांत गंभीर भाग. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे सगळे लागू नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन साखर खाली ओढतात, त्यात रिकामे पोट आणि चढ. एकदा पहाटे टेकडीवर साठीकडे झुकलेल्या एक बाई कट्ट्यावर बसलेल्या दिसल्या. कपाळावर गार घाम, हाताची बोटे थरथरत होती, बोलताना शब्द अडखळत होते. हातात गुलाबी पाण्याची बाटली. ‘हे प्यायले आहे ना मी, मग चक्कर का येते?’ असे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. कोणीतरी त्यांना सांगितले होते की बीसीएए घेतले की उपाशी राहिल्याचा त्रास होत नाही. सोबतच्या एकाकडे ग्लुकोमीटर होता, साखर ५८ निघाली. बीसीएए रक्तातली साखर पटकन वर आणत नाही, अशा वेळी ते निरुपयोगी असते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्या सावरल्या. त्या सकाळनंतर मी एकाही माणसाला गोळ्यांची यादी विचारल्याशिवाय अनशापोटी व्यायाम सांगितलेला नाही. अशा लोकांनी डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ आणि खाणे आधी ठरवावे आणि खिशात साखर ठेवावी. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, गर्भारपण असेल, तर कुठलीही अमिनो पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ट्रेनरकडून आणखी एक गोष्ट तपासून घ्या. बीसीएएच्या नावाखाली प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधी तरतरी यावी म्हणून घेतात ती पावडर, मिसळलेले पाकीट तर नाही ना? त्यात कॅफीन भरपूर असते. अनशापोटी, रक्तदाब असताना ते त्रासदायक ठरते. डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि बॅच नंबर बघा. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका शोधा. अमिनो आम्ले काही ठिकाणी पक्ष्यांच्या पिसांतल्या केराटिनपासून काढतात, काही ठिकाणी मक्यासारख्या पिकांच्या किण्वनातून बनवतात. डब्यावर आंब्याचे चित्र असल्याने काहीच कळत नाही.

तर तुमचा दिवस मी असा लावून देईन. उठल्यावर एक-दोन पेले पाणी, आवडत असेल तर बिनसाखरेची काळी कॉफी. पाऊण तास असा वेग ठेवा की शेजाऱ्याशी तुटक का होईना पण वाक्यात बोलता येईल. परत आल्यावर तासाभरात असा नाश्ता, ज्यात २५ ग्रॅमच्या पुढे प्रथिने आहेत. तीन अंडी आणि पेलाभर दूध. किंवा वाटीभर मुगाच्या डाळीची धिरडी, आत ५० ग्रॅम पनीर किसून, सोबत दही. किंवा मोड आलेल्या मटकीची मोठी वाटीभर उसळ, दही आणि दोन उकडलेली अंडी. पोहे सोडू नका, त्यात मूठभर भिजवलेले सोया ग्रॅन्युल परता, चव बिघडत नाही. दुपारी वरण पातळ न करता घट्ट करा आणि एकाऐवजी दोन वाट्या घ्या, सोबत ताक नाही तर दही. रात्री पनीर, मासे, चिकन, सोया यांपैकी काहीतरी ताटात असू द्या. एवढे करूनही आकडा शंभराच्या पुढे जात नसेल तर दिवसातून एक स्कूप व्हे, हवे तेव्हा. त्यात लाजण्यासारखे किंवा घाबरण्यासारखे काही नाही.

डब्याचे रोजचे ६० रुपये पडतात. आमच्या भागातल्या भावाने तेवढ्यात चार अंडी आणि पाव किलो दही येते. त्यात ३० ग्रॅमच्या वर प्रथिने आहेत, नवांपैकी एकही अमिनो आम्ल न गाळता.

आणि संध्याकाळची जिम चुकवू नका. स्नायू टिकवायचा सगळ्यात मोठा हुकूम शरीराला तिथूनच मिळतो. आठवड्याचे तीन दिवस, उठाबशा, ओढणे, ढकलणे, उचलणे, आणि वहीत वजनांची नोंद. दोन-तीन महिन्यांत पोटाचा घेर कमी होत असेल आणि उचललेली वजने तशीच किंवा वाढलेली असतील, तर तुमचे स्नायू जागेवर आहेत. वजनाच्या काट्यापेक्षा या दोन नोंदींवर विश्वास ठेवा.

डबा आधीच घेऊन ठेवला असेल तर फेकू नका. सीलबंद असेल तर परत करून बघा. उघडला असेल तर पहाटे न घेता ज्या नाश्त्यात प्रथिने कमी पडतात त्याच्यासोबत अर्धा स्कूप घ्या, म्हणजे पोहे-उपम्याच्या दिवशी. तिथे बाकीची अमिनो आम्ले थोडीफार असतात, ल्युसीन कमी असते, त्यामुळे ही पावडर निदान कामाला येते. संपला की दुसरा आणू नका.